मागच्या गेटची भाजी

“अहो, इतकी भारी साडी नेसून कशाला आलात? फोटोत तुम्ही कोण आणि मी कोण, कळायचं कसं?”

भाजी देणाऱ्या संस्थेच्या मॅडम हसत म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर मी तिथंच काहीतरी बोलले असते. हसून म्हणाल्या, म्हणून मीपण हसले.

शनिवार होता. पिंपळे गुरवमधली मोठी सोसायटी. तिचं मागचं गेट. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे तिथंच, आणि डब्यांच्या शेजारी मॅडमचं टेबल आणि आमची बायांची रांग. पुढच्या गेटला सोसायटीच्या लोकांसाठी वेगळं टेबल मांडलेलं. टेम्पो तोच, भाजी तीच. ते लोक येतात, आपापला खोका उचलतात, जातात. आम्हाला मात्र पिवळी पिशवी. पिशवीवर संस्थेचं नाव, खाली आमच्या कंपनीचं नाव. ती पिशवी तोंडाजवळ धरायची, मॅडम मोबाईलवर फोटो काढणार, मग घरी जायचं.

मॅडमनी रांगेवर नजर फिरवली. माझ्यामागं वनिता उभी होती. माझ्या शेजारच्या खोलीत राहते, भोसरीला एकाच वर्कशॉपमध्ये आहोत आम्ही. मी शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन अंग धुऊन साडी नेसले. ती म्हणाली होती, “कशाला गं, तशीच चल.” मी म्हणलं, नाही बाई, सोसायटीत जायचंय. ती तशीच आली. अंगात कंपनीचा निळा ॲप्रन, खिशावर कंपनीचं नाव.

“यांचा ॲप्रन घाला ना वरून,” मॅडम म्हणाल्या. “दोन मिनिटं फक्त.”

वनितानं ॲप्रन काढून दिला. मी घातला. माझी मोरपंखी साडी, दिवाळीला माझी मी घेतलेली, आणि तिच्यावर तेलाच्या वासाचा तो ॲप्रन. नंतर मॅडमनी माझ्या पिशवीत डोकावलं आणि अंजिराचा डबा बाहेर काढला.

“अंजीर? अहो, ही योजना पोषणासाठी आहे, चैनीसाठी नाही. एवढ्याशा डब्यात पोट कसं भरणार?”

डबा टेबलाखाली गेला. पिशवीत दुधी आला. हा भोपळा चांगला पुरेल म्हणाल्या. मग मोबाईल वर धरला.

“पिशवी वर करा. अजून वर. हसा की हो जरा!”

मी हसले. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझ्या अंगाची आग होते.

आता मी कोण ते सांगते. मी लातूरकडची. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि मला म्हणाला, राहायचं तर रहा. मी नाही राहिले. माहेरी गेले तर भाऊ दारातच उभा. म्हणाला, “आता तुझं घर तिकडं.” आत ये म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. मग ठेकेदाराच्या माणसांबरोबर इकडं आले. गाड्यांचे लोखंडी पार्ट येतात, त्यांच्या कडांची धार घासून काढायची, हे माझं काम. पोरबाळ नाही. खोली एक, माणूस एक.

आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. गुरुवार आला की मला धसका बसायचा. चाळीत सगळीकडं कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा दंगा, कुणाच्या तरी गावाकडचे पाहुणे. माझ्या खोलीत पंख्याचा आवाज. सकाळपासून तोंडातून एक शब्द निघायचा नाही. एकदा संध्याकाळी दूध आणायला गेले तर बोलायला आवाजच फुटेना. दुकानदार म्हणाला, घसा बसलाय का? मी मान हलवली. काय सांगणार होते त्याला.

मग ही योजना आली. मॅडम कॅन्टीनमध्ये येऊन समजावून गेल्या. कमी पगाराच्या घरांनी फोनवरून भाजी-फळं मागवायची, मावळातल्या, खेडच्या, पुरंदरच्या शेतकऱ्यांच्या शेतातली, ताजी. अर्धे पैसे आपण भरायचे, अर्धे संस्था भरणार. त्यात कंपनीची मदत. चांगलीच गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. नाव घालायला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, “घरात किती माणसं?”

“मी.”

“आणि?”

“मीच.”

“म्हणजे कुटुंब नाही.” त्यांनी जरा विचार केला. “बरं, बघू. घालते तुमचं.”

तेव्हा मला ते लागलं होतं. पण भाजी मिळणार होती, सही केली.

आणि खरं सांगते, फोनवर भाजी निवडायची मला चटक लागली. का, ते कळायला माझ्या लहानपणी जावं लागेल. आठवडी बाजारात आई मला घेऊन जायची. आमच्या वस्तीतल्या बायांनी भाजीच्या ढिगाला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. लांब उभं राहायचं, पदर पसरायचा, वरून टाकतील ते घ्यायचं. किडकं, सडकं, जे येईल ते. एकदा आईनं वांगं उचलून बघितलं. नुसतं देठाला धरून. भाजीवाली बाई एवढ्यानं ओरडली की सगळा बाजार बघायला लागला. “ए, ठेव खाली! आता ते कोण घेणार?” आईनं ठेवलं. मग बाईनं तेच वांगं तिच्या पदरात टाकलं, वर शिव्या. घरी येईपर्यंत आई खाली मान घालून माझ्या पुढं चालत राहिली. मी तेव्हा एवढीशी होते, पण आईची मान मला आठवते.

फोनला माझी वस्ती दिसत नाही. माझा पदर दिसत नाही. मी अंगठ्यानं वर सरकवते, खाली सरकवते. मेथी बघते, नको म्हणते. शेवगा बघते, घेते, परत काढून टाकते. कुणी ओरडत नाही. गुरुवारचा माझा अर्धा दिवस त्यात जायचा. हसू नका. एकट्या बाईचा गुरुवार घालवून बघा म्हणजे कळेल.

त्यातच एकदा पुरंदरचे अंजीर दिसले. ओले. मी सुके खाल्लेले, कुणाच्या तरी बाळंतपणात. ओले कधीच नाहीत. भोसरीत गाड्यावर दिसायचे, पानात मांडलेले, पण उभं राहून भाव विचारायचा धीर झाला नाही. मी त्या चित्राकडं किती वेळ बघत बसले. मग घेतले. एकटीसाठी कुणी एवढी हौस करतं का, असं मनात आलं. आणि लगेच वाटलं, का करू नये? माझ्यासाठी दुसरं कोण करणार आहे?

म्हणून मी साडी नेसले होते. बाकी काही नाही.

फोटोचं मी विसरले असते. बाईमाणूस असलं बरंच काही विसरत असतं. पण थोड्या दिवसांनी शिफ्टला गेले तर कंपनीच्या गेटवर फ्लेक्स. एवढा मोठा, इकडच्या खांबापासून तिकडच्या खांबापर्यंत. त्यावर मी. ॲप्रन घातलेली, पिशवी वर धरलेली, दात काढून हसणारी. वनिताच्या ॲप्रनवरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. म्हणूनच माझा फोटो निवडला असणार. वर मोठ्या अक्षरात, “ताजी भाजी, आनंदी कुटुंब”. खाली, “गरजू महिलांसाठी एक पाऊल”.

आनंदी कुटुंब! मला भरल्या गेटवर ओरडावंसं वाटलं. कुठंय ते कुटुंब? दाखवा मला.

“काय राव, हिरॉईन झालात की!” सुपरवायझर म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत एक ऑपरेटर म्हणाला, “गरजू वहिनी, चटणी वाढा जरा.” सगळे हसले. वनितापण हसली. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, साहेब, तो फोटो काढा. साहेब म्हणाले, “अहो, चांगला आलाय की. लोक फ्लेक्सवर यायला मरतात.” खोटं नव्हतं. आमच्याकडं वाढदिवसाला, बारशाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पण त्यांच्या फोटोखाली गरजू लिहिलेलं नसतं.

फ्लेक्सचा फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला. फिरत फिरत गावाला गेला. आणि एका संध्याकाळी भावाचा फोन आला. दारातून परत पाठवल्यापासून त्याचा एकही फोन नव्हता. नाव बघून मी पहिल्याच घंटीला उचलला. एवढी येडी मी, मला वाटलं, आठवण आली असेल.

“काय करायलीस तिथं? भीक मागायलीस का? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

मी म्हणलं, “दादा, कशी आहेस ते तर विचार.”

त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी मी जेवले नाही. रडले मात्र पोटभर. तोंडात पदर कोंबून रडले, कारण भिंत पातळ, पलीकडं वनिताची पोरं अभ्यास करत होती. रडता रडता राग येत गेला. भावाचा आला, तो होताच. मग मॅडमचा आला. मग त्या हसण्याचा. मला भीक मिळाली नव्हती. अर्धे पैसे माझे होते, मी निवडलं होतं, माझ्या अंगठ्यानं. ते काढून घेतलं आणि वर माझं तोंड घेतलं. आईच्या पदरात वरून टाकायचे, माझ्या पिशवीत वरून दुधी टाकला. एवढाच फरक, की माझ्याकडून हसू मागितलं.

पुढच्या शनिवारी मी परत तीच साडी नेसले. अंजीरच मागवले होते. शेअर रिक्षानं नाशिक फाट्याला उतरलो, वनिता आणि मी, तिथून चालत. वनिताला काही सांगितलं नव्हतं.

मॅडमनी बघितलं. “अरे, परत साडी? ॲप्रन आणलाय का?”

“नाही.”

“मग कुणाचा तरी घ्या.”

“नाही घालणार. डबा पिशवीत राहू द्या. फोटोपण काढायचा नाही.”

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. “अहो ताई, फोटोशिवाय वरून पैसे येत नाहीत. मला काय हौस आहे का?”

“पुढच्या गेटला कुणाचा काढता?”

“ते ग्राहक आहेत.”

“आणि मी?”

“तुम्ही लाभार्थी.”

“मी पैसे भरलेत मॅडम.”

“अर्धे,” त्या म्हणाल्या. आता हसत नव्हत्या. “बाकीचे कुणीतरी भरतं तुमच्यासाठी, त्यांना दाखवायला नको? तुमच्या एकटीच्या हट्टापायी सगळ्यांचं बंद पडेल, चालेल?”

झालं. रांग हलली. मागून कुणीतरी म्हणालं, आम्हाला उशीर होतोय. कुणीतरी म्हणालं, लई शहाणी. आणि वनिता, जिच्या लेकराला ताप आला तेव्हा मी रात्रपाळी केल्यासारखी जागले होते, ती म्हणाली, “धर की गं पिशवी. तुला एकटीला काय, माझ्या घरात चार तोंडं हायत खाणारी.”

एकटीला काय. हे दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर चाललं असतं.

मी पिशवी टेबलावर ठेवली. आदळली नाही, नीट ठेवली. म्हणलं, “माझं तोंड भाजीच्या भावात बसत नाही मॅडम.” आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही, तरी ऐकू आलं. “वनिताताई, या. पिशवी वर. अजून वर. हसा.”

फाट्यापर्यंत चालत गेले. रिक्षात माझ्या शेजारी अनोळखी माणसं. रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. भूक लागली होती.

तेव्हापासून वनिता माझ्याबरोबर जात नाही. जिन्यात दिसली तर चपला शोधायला वाकते. चाळीत बाया नळावर बोलत असतात, मी गेले की गप्प होतात. योजना बंद पडली नाही, तरी त्यांच्या डोळ्यांत ती भीती आहे, आणि ती भीती माझ्या नावाची आहे. मला त्यांचा राग येत नाही असं नाही. येतो. पण त्यांच्या घरात पोरं आहेत हेपण मला दिसतं.

परवा मॅडमचा फोन आला. आवाज मऊ. “ताई, तुमचं म्हणणं मी समजू शकते. असं करू, तुमची पिशवी मी गुपचूप घरी पाठवते. फोटो नको. फक्त बाकीच्या बायकांना सांगू नका.”

खोटं कशाला बोलू, मोह झाला. शेवग्याची आमटी डोळ्यांसमोर आली. मग म्हणलं, “चोरून दिलेली नको. रांगेत द्या. सगळ्यांसमोर द्या, आणि ज्या बाईला फोटो नको असेल, तिला फोटोशिवाय द्या.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगा.”

“तुम्ही एकट्या काय करणार आहात?”

हाच प्रश्न मला आयुष्यभर सगळे विचारत आले. नवरा, भाऊ, सुपरवायझर. प्रत्येक वेळी माझ्याकडं उत्तर नसायचं.

आता आहे. मी दर गुरुवारी मागवणार. माझे अर्धे पैसे भरणार. दर शनिवारी त्या मागच्या गेटला, माझ्या नंबरावर, चांगली साडी नेसून उभी राहणार. ॲप्रन घालणार नाही, पिशवी वर करणार नाही, हसणार नाही. माझी भाजी नाकारायची असेल तर फोनवर मऊ बोलून नाकारू नका. सगळ्या बायांसमोर, माझ्या तोंडावर नाही म्हणा. आणि पुढच्या शनिवारी परत म्हणा. मी ऐकायला येणार आहे.