वरचा उजवा कोपरा

बंगळुरूत, कोरमंगलातल्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी पिताना तो मला रोज सकाळी दिसायचा. माझ्याच वयाचा, बेळगावकडचा. मासिकातल्या कथांना चित्रं काढायचा, वर्षानुवर्षं एकाच मासिकासाठी. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पेन उघडण्याआधी बोटं शर्टाला पुसायचा. चित्र भरगच्च असायचं, फक्त वरचा उजवा कोपरा कोरा.

"तिथं कथेचं नाव छापत्यात," असं त्यानं एकदा सांगितलं होतं.

एके दिवशी कॉफी वाटीत ओतता ओतता तो म्हणाला, "पुढच्या अंकापासून चित्रं नकोत म्हणाले. कॉम्प्युटर काढून देतोय म्हणे."

"मग आता?"

"आता काय, स्वल्प आराम." एवढं बोलून त्यानं बोटं शर्टाला पुसली आणि समोरचा कॉफीवाला काढायला घेतला. पेले, वाफ, माणसांची गर्दी. हे चित्र कुणी मागितलेलं नव्हतं, कुठं छापून येणार नव्हतं. तरी वरचा उजवा कोपरा कोराच राहिला.

मी त्यावर बोट ठेवलं. "आता इथं कुणाचं नाव येणार आहे?"

त्यानं पेन कोपऱ्यापर्यंत नेलं, जरा वेळ तसंच धरलं आणि टोपण लावलं.

"हात तिथं जातच नाही बघा."