खैतानमधली घोषा

बोरादादा वारले. सकाळी त्यांच्या मुलीचा जोरहाटहून मेसेज आला.

मला आधी आठवला तो त्यांच्यावर आलेला राग.

ऑगस्ट १९९०. इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलेलं. फोन बंद. आमचे हे सकाळीच शहरात, शर्क भागातल्या ऑफिसात पासपोर्ट आणायला गेले, ते दुपार टळली तरी पत्ता नाही.

मी कुवेतच्या खैतान वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकी ते दार, दार ते खिडकी.

बोरादादा शेजारी एकटेच राहायचे. मीना अल-अहमदीला रिफायनरीत टेक्निशियन. दर शुक्रवारी त्यांच्याकडे आसामी मंडळी नाम गायला जमायची. मूर्ती नाही, फोटो नाही. चौरंगावर पोथी, आणि पाचेकशे वर्षांपूर्वीची पदं. दादा धृपदाची ओळ म्हणणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवत तीच परत म्हणायची. त्या ओळीला ते घोषा म्हणत.

त्या शुक्रवारी कोणीच येऊ शकलं नाही. दादांनी माझं दार वाजवलं.

"भाभी, चलिए. नाम में बैठिए."

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला भजन सुचतंय?" मी चक्क मराठीत फटकारलं.

तरी गेले. घरात एकटीला थांबवत नव्हतं.

दादांनी ओळ म्हटली. मी गप्प. मला वाटलं, आपल्या भजनासारखे बुवा जातील पुढे, आपण नुसतं बसायचं.

दादा थांबले. परत तीच ओळ. परत थांबले.

असं चार वेळा.

"अहो, म्हणा ना पुढे."

"आप जवाब देंगी, तब आगे जाएगा."

अशी तिडीक गेली डोक्यात. काय माणूस आहे हा, म्हटलं. शेवटी जवळजवळ ओरडूनच म्हटली ती ओळ. अर्थ ठाऊक नाही, उच्चारांची तर पार वाट लावली. दादांनी मान डोलावली आणि पुढचं पद घेतलं.

तासभर चाललं. तोंडाने घोषा, कान जिन्याकडे.

हे संध्याकाळी आले, पासपोर्ट घेऊन.

पुढे बसने बगदाद, मग अम्मान. दादा सोबतच होते. तिथल्या एअरपोर्टवर मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही मला सांभाळलंत."

ते कसंनुसं हसले.

"नहीं भाभी. उस सुबह चेकपोस्ट पर मेरे साथवाले को गाडी से उतारकर ले गए थे. मेरे हाथ काँप रहे थे. अकेले नाम होता नहीं, इसलिए आपको बुलाया."

मी नर्स. थरथरणारे हात रोज बघणारी. त्यांच्या टाळ्यांचा ठेका चुकत होता, आणि मला वाटलं, त्यांच्यात असंच वाजवतात.

साधं पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्यांना.

चुकलं माझं, दादा. सांभाळून जा.