चौदा नंबरचा पान्हा

संशोधन संस्थेच्या गोठ्यात गाईंना नावं नव्हती, कानात पिवळे बिल्ले होते. चौदा नंबरची गाय मात्र बिल्ल्याला जुमानणारी नव्हती. तिचा तोराच असा, की सगळा गोठा तिला राणीसाहेब म्हणायचा. यंत्र लावलं की लाथ. दुसऱ्या कुणाचा हात लागला की पान्हा चोरून ढिम्म उभी. दूध द्यायची ती फक्त मावशींना.

मावशी म्हणजे गोठ्यावर धारा काढणाऱ्या बाई. शिकणारी पोरं, शास्त्रज्ञ, शेण काढणारे गडी, सगळ्यांच्याच मावशी. हल्ली रात्रभरात त्यांची बोटं आखडून बसायची. उजाडायच्या आत उठायचं, गरम पाण्यात बुडवून ती सरळ करायची, खाकी डगला चढवायचा आणि गोठ्याची वाट धरायची. संध्याकाळी पुन्हा तेच. राणीसाहेबांवर नव्या खुराकाचा प्रयोग चालू होता. कुठल्या खुराकावर दूध किती, ते रोज मोजलं जायचं. मध्येच धार काढणारा हात बदलला आणि दूध घटलं, तर दोष खुराकाचा की हाताचा, हे कळणार कसं? सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून मावशींना रजा नाही. एक प्रयोग संपला की दुसरा दारात उभाच.

"मावशी, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही हो," गोठ्याचे मोठे डॉक्टर हात जोडून म्हणायचे. माणूस भला होता.

"मी मेले म्हणजे कळेल तुम्हाला!" मावशी कंबर धरून उठत म्हणायच्या. पण खरं सांगायचं तर ते ऐकून त्यांना बरं वाटायचं. जन्म शेणामुतात गेलेल्या बाईला कुणी तुमच्यावाचून अडतं म्हणालं, तर का नाही बरं वाटणार?

नवरा याच संस्थेत ट्रॅक्टर चालवून रिटायर झालेला. तो खाटेवरून टोमणा मारायचा, "अगं, तुझं लग्न माझ्याशी झालंय का त्या गाईशी?"

"गाईशीच. ती निदान माझी चाहूल लागली की उठून उभी तरी राहते."

या गाईपायी मावशी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला वेळेवर पोचल्या नव्हत्या. लेकीचं गाव दिवसभराच्या प्रवासावर, सासू नाही, जावई कामावर. मावशी गेल्या तेव्हा लेक तापातून नुकती उठली होती आणि बाळाला शेजारीण न्हाऊ घालत होती. लेक भांडली नाही. "आलीस? बस," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "आई, येणार असशील तरच येते म्हण. बघते, विचारते, असलं काही नको. मी वाट बघत बसणार नाही."

मावशी म्हणाल्या, "बघते." जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना फोन ठेवल्यावर वाटलं.

त्याच सुमारास संस्थेत कुणी बडे पाहुणे यायचे होते. स्टोअरवाल्यानं सगळ्यांना नवे डगले वाटले आणि जुने कोपऱ्यात ढीग करून टाकायला लावले. मावशी कडक इस्त्रीचा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा डगला घालून राणीसाहेबांपाशी बसल्या, आणि अहो, ती गाय फिरली! बादली एकीकडे, मावशी एकीकडे. मावशींनी चुचकारलं, पाठ थोपटली, शिव्याही दिल्या. थेंब नाही. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी मावशींनी ढिगातून आपला मळकट डगला उपसून काढला, अंगात घातला, आणि गाय आपली शहाण्या बाळासारखी उभी राहिली. सगळे हसले. नव्या कपड्याचा वास नडला म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

मावशींना मात्र हसू आलं नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चार दिवसांनी डॉक्टर बाहेरगावी गेलेले बघून त्यांनी बुटक्याला हाक मारली. बुटक्या हा गोठ्यावरचा दुसरा धारवाला, हाताचा हलका, पण राणीसाहेबांची लाथ खाऊन खाऊन तिच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा.

"हा माझा डगला घाल आणि बस तिच्याखाली."

"मावशी, माझं काय चुकलं?"

"बस म्हणते ना!"

मावशी भिंतीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ काहीच नाही. मग बादलीच्या तळावर धार वाजली. दुसरी वाजली. मग आवाज दाट होत गेला, बादली भरत आल्यावर होतो तसा. मावशी तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसल्या.

"मावशी, दिलं की हो!" बुटक्या नाचत बाहेर आला.

"कुणाला बोललास तर टाळकं सडकीन," मावशी म्हणाल्या आणि डगला हिसकावून घेतला.

आता सांगायचं आणि रजा घ्यायची, इतकं सोपं होतं. पण मावशींच्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांना काय सांगायचं? माझ्यावाचून काही अडत नाही, या फडक्यावाचून अडतं? लेकीचे दिवस भरत आले. मावशी रोज ठरवायच्या आणि रोज धार काढून गुपचूप घरी यायच्या. स्वतःचाच राग यायचा आणि तरी जीभ रेटायची नाही.

मग एका संध्याकाळी जावयाचा फोन आला. पोटात दुखायला लागलंय, दवाखान्यात नेतोय. तुम्हाला कळवू नका म्हणाली होती, पण मला राहवलं नाही.

मावशी तशाच उठल्या. डॉक्टरांच्या टेबलावर डगला ठेवला आणि म्हणाल्या, "हा बुटक्याला घाला. धुवू नका. ती दूध देईल."

"मावशी, पण प्रयोग..."

"देईल म्हटलं ना! मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा लेकीला मुलगी होऊन काही तास झाले होते. या वेळी बाळाला पहिली आंघोळ मावशींनी घातली. आखडलेली बोटं गरम पाण्यात आपसूक सैल झाली. लेक पडल्या पडल्या बघत होती.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मावशी, अगदी निवांत राहा. दूध रोजच्याएवढंच आहे. थेंब कमी नाही."

मावशी बरं म्हणाल्या. निदान अर्धा लिटर तरी कमी द्यायचं होतंस गं बये, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"काय म्हणाले?" लेकीनं विचारलं.

मावशींनी सगळं सांगितलं. डगला, बुटक्या, भिंतीआडून ऐकलेली धार.

लेक छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे मागच्या वेळीही दिलं असतं तिनं?"

"दिलं असतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"आणि या वेळी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मावशी इतक्या दमल्या होत्या, की खोटं रचायचंही त्राण नव्हतं. "या वेळी ठाऊक होतं. तरी गप्प बसले. मला वाटलं, मग मी कोण उरले?"

लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. बाळ कुरकुरलं तसं ते उचलून आईच्या मांडीवर ठेवलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"आई," ती तशीच म्हणाली, "तो डगला आता तिकडेच राहू दे."