पेशल लाइनवाला मित्र

माझ्या मित्राचं केबलचं जाळं आज वडीगोद्रीपासून शहागडपर्यंत पसरलंय आणि मला ते बघवत नाही. सरळच सांगतो, कारण लोकांना वाटतं, लहानपणापासूनची दोस्ती, म्हणजे मला त्याचा अभिमान असणार. अभिमान कसला, पोटात दुखतं.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलो. उस्ताद घरी उर्दू बोलायचे आणि आम्हाला शिव्या मराठीत द्यायचे. सोल्डरिंगचा डाग देण्यात माझा हात त्याच्यापेक्षा साफ, हे खुद्द उस्ताद म्हणत. पण त्यानं गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि मला भागीत बोलावलं, तेव्हा मी म्हणालो, "पैशे भरून टीव्ही कोण बघन इथं?" माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. गावच बिघडलं.

आधी त्यानं चार आळ्यांत काळ्या वायरी ओढल्या. मग जास्तीचे चॅनेल आणले, नवे सिनेमे, क्रिकेट; वेगळे पैसे भरील त्यालाच दिसणार. पाटीवर त्यानं 'प्रीमियम' असं लिहिलं, गाव त्याला पेशल लाइन म्हणू लागलं. सोयरीक जमवतानाही लोक हळूच विचारायचे, पोराकडं पेशल लाइन हाय का? पुढं सेट-टॉप बॉक्स आले, आसपासचे बाकीचे केबलवाले बुडाले, हा तेवढा तरला. मग फायबर आलं, इंटरनेट आलं, आणि आता तर तो जत्रांमधल्या कुस्त्या थेट दाखवतो, टीव्हीवरही आणि स्वतःच्या ॲपवरही. त्याही फक्त पेशलवाल्यांना. एवढ्या वर्षांत मी मिक्सर आणि पंखे दुरुस्त केले.

हेही गिळलं असतं. पण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्या नादी लागले. अण्णा अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले, तरुणपणी आखाड्यात उतरलेले. रोज संध्याकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन बसायचे आणि घरी आले की सुरू, "काय डोकं हाय त्या पोराचं!" माझ्याही खांद्यावर डोकं आहे, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. एका साहेबाचा टीव्ही जालन्याहून, संभाजीनगरहून तसाच परत आला होता, तो मी चालू करून दिला. मोठ्या हौसेनं सांगितलं तर अण्णा म्हणाले, "मंग? कामच हाय तुझं ते." माझी पन्नाशी उलटली, पण त्यांच्या तोंडून आपल्याबद्दल एक चांगला शब्द ऐकावा ही हाव काही सुटली नाही.

गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते खाटेला खिळले. मी पेशल लाइन घ्यायला गेलो, तर मित्र म्हणाला, "अण्णाकडून पैशे घेऊ का मी?" आणि फुकट जोडून दिली. वडिलांची तेवढी हौस पुरवायची, तर तीही त्यानं माझ्या हातून काढून घेतली.

यंदा हंगामात एका जत्रेची मोठी कुस्ती दाखवणार होते. अण्णा सकाळपासून टीव्हीकडे तोंड करून पडलेले. केबलवाले दरवर्षी रस्त्यावरची वायर उंच बांधतात आणि ट्रॉलीवाले दरवर्षी उसाचा आणखी एक थर चढवतात. दुपारी ट्रॉली गेली आणि आमची वायर सोबत घेऊन गेली. पडदा काळा. अण्णांचे डोळे भरून आले. मित्राच्या ऑफिसात फोन केला तर कळलं, तो जालन्याला गेलाय आणि माणसं शहागडला अडकली आहेत, संध्याकाळ होईल.

आमच्या आळीत फायबर पोचलेलं नव्हतं, जुनीच काळी वायर होती. ती मला येत होती. शिडी खांबाला लावली, बायको खालून ओरडत राहिली. वायर तासली, नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली. दोन्ही गुडघे सोलपटले. पण घरातून हलगीचा आवाज आला आणि खरं सांगतो, उतरताना मी मनात वाक्य जुळवत होतो. अण्णा, मी केलं.

आत गेलो. पडद्यावर पैलवान भिडले होते आणि अण्णांचा वाकडा झालेला चेहरा फुलला होता.

"पाह्य," ते अडखळत म्हणाले, "किती जल्दी माणूस धाडला त्यानं. फोन लाव त्याला."

"अण्णा, ते मी..."

"लाव म्हन्तो न्!"

लावला. अण्णांचा हात चालत नाही.

"शाब्बास रे पोरा," अण्णा फोनमध्ये म्हणाले. "माझं ल्येकरू हायेस तू."

आपल्याच माणसांनी काम उरकलं असणार, असं त्याला वाटलं असावं. तो पलीकडून मोठ्यानं हसला, "तुमच्यासाठी काहीबी, अण्णा!"

मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. फोन त्यांच्या कानाशी मीच धरला होता.