पहिल्या पंपाच्या ओळी

फवारणीवाली तोंडाची फटकळ होती आणि त्याची तिला लाजही नव्हती. तणनाशक बाटलीच्या झाकणानं मोजून काय बिघडतं, असं एका शेतमालकानं विचारलं, तेव्हा तिनं मोजायचा पेला त्याच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, मग तापाच्या गोळ्याही तुम्ही मुठीनंच खाता का? तेव्हापासून तिच्यासमोर झाकणाचं नाव कुणी काढलं नाही.

ती बांधावर काठी रोवून तिला चिंधी बांधायची. चिंधी फडफडायला लागली की पंप खाली. मालक कितीही आदळआपट करो, वारा पडल्याशिवाय बाई हलायची नाही. उकाड्यानं जीव गेला तरी रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांवरचा चष्मा उतरायचा नाही. लोक हसायचे. हसोत बापडे! त्यातल्या निम्म्यांना डब्यावरचा कागद वाचायचा कंटाळा, आणि पीक जळलं की दुकानदाराला शिव्या घालायला मात्र घसा मोकळा.

पंप दोन होते. पिवळा किडीच्या औषधाचा, निळा फक्त तणनाशकाचा. निळ्याचं काम झालं की तीन पाणी धुणं, मग सोड्याचं पाणी काठोकाठ भरून एक दिवस तसाच ठेवणं, मग नळी आणि नोझल खोलून पुन्हा धुणं. एवढं करूनही तो पंप ती कधी दुसऱ्या कामाला लावायची नाही. या सोवळ्यापायी घरात पुष्कळदा खटके उडाले होते. नवरा म्हणायचा, एकदा विसळला की झालं.

मुळात हे काम त्याचंच. सोसायटीच्या यादीत फवारणीवाला म्हणून त्याचं नाव होतं. उघड्या हातानं औषध ढवळणारा, वाऱ्याकडे तोंड करून फवारणारा गडी. एका मोसमात चक्कर येऊन शेतातच पडला आणि चार दिवस दवाखान्यात राहिला. अडलेलं काम बायकोनं केलं, एकेक कागद दोनदोनदा वाचून. तण मेलं, पीक राहिलं. चेअरमननं नवऱ्याचं नाव खोडून तिचं घातलं. तो बरा झाल्यावर तिला पाणी आणून द्यायचा, भरलेला पंप पाठीवर चढवायचा. लोक त्याला 'फवारणीवालीचा नवरा' म्हणायचे तेव्हा तोही हसायचा. तिला वाटायचं, आपला माणूस समजूतदार आहे.

तर या मोसमात झालं असं. घरच्या मक्यात तिनं निळ्या पंपानं रुंद पानाच्या तणावरचं औषध मारलं. त्या औषधानं मक्याला काही होत नाही, पण कापसाला त्याचा वाराही सोसत नाही. आणि बांधापलीकडे धाकट्या दिराचा कापूस. आठवड्याभरात त्या कापसाची कोवळी पानं आखडली, चिंचोळी होऊन वाकडी झाली. झालं! दिरानं खापर सरळ वहिनीच्या माथ्यावर फोडलं. चावडीवर, दुकानात, भेटेल त्याला एकच गोष्ट: वारा असताना फवारलंय, चिंधीबिंधी सगळा देखावा. ज्यांना तिनं कधीमधी फटकारलं होतं त्यांच्या अंगात तर उत्साहच संचारला. दोघांनी ठरलेली फवारणी परत घेतली. जाऊबाई समोरून आली आणि रस्ता ओलांडून गेली.

दिरानं सोसायटीत अर्ज दिला की वहिनीचं नाव यादीतून काढा. यादीतून नाव गेलं म्हणजे पंप कायमचा खुंटीला. गेली नऊ वर्षं तिला जे काही म्हणून येत होतं ते सगळं त्या एका ओळीत होतं. ती घरी धुमसत होती, भांडी आदळत होती. नवरा खाली मान घालून जेवत होता. तिनं विचारलं, तुम्ही भावाशी बोलत का नाही? तो म्हणाला, भावाभावांत वाकडं नको. तिला ते पटलं नाही, पण तिनं ताणलं नाही.

सोसायटीच्या खोलीत बियाण्याच्या पोत्यांना टेकून आठ-दहा जण बसले होते. दीर तावातावानं बोलला. चेअरमन चष्मा काढून पुसत राहिले, म्हणजे त्यांचं मत झालेलंच होतं. ती उठली आणि म्हणाली, इथं बसून कापूस दिसत नाही, शेतात चला. चेअरमन नाखुशीनं उठले. तिच्या मागून सगळी वरात निघाली, नवरा सर्वांत शेवटी.

बांधाशी आल्यावर तिनं बोट दाखवलं. मक्याला लागून असलेल्या कापसाच्या ओळी हिरव्यागार होत्या. पानं तळहातासारखी पसरलेली, कुठं सुरकुती नाही. वाऱ्यानं औषध आलं असतं तर आधी याच मेल्या असत्या, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ती सरळ पलीकडच्या टोकाला गेली, रस्त्याकडेला, जिथं दिराची पाण्याची टाकी होती. तिथल्या ओळींची दशा बघवत नव्हती. त्यापुढच्या जराशा आखडलेल्या. त्यानंतर सगळं चांगलं, थेट बांधापर्यंत.

"भाऊजी, तुमच्या एका पंपात किती ओळी होतात?"

"सहा."

"मोजा."

चेअरमननं स्वतः मोजल्या. पार बिघडलेल्या सहा, थोड्या बिघडलेल्या सहा. मग ती म्हणाली की मावा किडीचं औषध मारलंत ना, ते टाकीपासून सुरू केलंत. पहिल्या पंपात तणनाशकाचा अंश भरपूर उतरला, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यापर्यंत पंप धुऊन निघाला. हे वाऱ्याचं काम नाही, नीट न धुतलेल्या पंपाचं आहे. दीर उसळून म्हणाला, माझ्या पंपात तणनाशक कधी गेलेलंच नाही. ती म्हणाली, खरं आहे, तुमचा पंप वायसर गेला म्हणून पंधरा दिवस दुरुस्तीवाल्याकडे पडलाय, मी नोझल आणायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलाय. मग फवारलंत कशानं?

दिराचा चेहरा पडला. तो वहिनीकडे बघेना, चेअरमनकडे बघेना. त्यानं मागं वळून पाहिलं.

"मी काही चोरला नाही. दादानं दिला. त्यातलं सोड्याचं पाणी ओतून टाकलं आणि म्हणाला, घेऊन जा, तिचे नसते चोचले असतात."

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. निळ्यात सोड्याचं पाणी भरून ठेवलं होतं, त्या दिवशी ती पिवळा पंप घेऊन लांबच्या शेतावर गेली होती. परत आली तेव्हा निळा पंप जागच्या जागी, पाण्यानं भरलेला. नवऱ्यानंच भरून ठेवला होता.

चेअरमन घसा खाकरून म्हणाले की यादी आहे तशीच राहील, उद्या सकाळी तिनं फवारणीला माझ्याच शेतापासून सुरुवात करावी. नवऱ्याकडे बघून कुणीतरी हसलं. दीर पाय आपटत निघून गेला, आणि मजा संपल्यासारखे बाकीचेही एकेक करून पांगले. कापसाच्या वाकड्या ओळींत नवरा-बायको उरली.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस माझ्यासमोर बसून जेवलात. लोक मला चोर ठरवत होते, आणि तुम्ही मीठ मागत होतात."

त्यानं एक आखडलेलं पान खुडून टाकलं. मग पहिल्यांदाच तिच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "बोललो असतो तर पुन्हा तूच बरोबर ठरली असतीस. यादीत मी होतो ना, तेव्हा तू माझा पंप उचलायचीस. कुणी हसायचं नाही."

नऊ वर्षं रोज सकाळी तो पाठीवर पंप चढवायचा, पट्टे ओढून घट्ट करायचा, आणि तिला कधी मागं वळून त्याचं तोंड बघावंसं वाटलं नव्हतं. तिचं नाव राहिलं होतं, उद्याचं काम ठरलं होतं. तो बांधावरून घराकडे चालायला लागला, आणि ती त्याच्यामागे गेली नाही.