परत वाच गं

प्रमिला गेल्याचा फोन तिच्या भावाने गोराईहून केला, तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडत होते. हार्ट अ‍ॅटॅक, झोपेतच... डोळ्यांत पाणी आलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मनात हेही आलं, की आता साहेब कुणाचं नाव घेतील?

कारण सतरा वर्षं साहेब एकच वाक्य म्हणत आले होते, "प्रमिलाने पाहिलंय ना? मग पाठवा." आमचं काम पेटंटच्या अर्जांतल्या चुका काढायचं. मी मजकूर मोठ्याने वाचायची, ती यंत्राच्या आकृतीवर पेन्सिलीचं टोक फिरवायची. जुळलं नाही की पेन्सिल थांबायची आणि ती म्हणायची, "परत वाच गं." घसा माझा कोरडा पडायचा, शाबासकी मात्र तिला! मी इंजिनीअरिंगची डिप्लोमावाली, ती मासळी विकणाऱ्या घरातली बी.ए. एकदा साकीनाक्याच्या कारखानदाराच्या पंपाची आकृती बघून तिने विचारलं, "यातलं पाणी बाहेर जाणार कुठून?" बाहेरची नळी काढायलाच सगळे विसरले होते, खुद्द पंप बनवणारासुद्धा. त्याने तिच्यासाठी पेढे आणले. मी दोन खाल्ले, पण जळफळाट काही कमी झाला नाही.

मग एकदा मी हद्दच केली. कागदावर 'खालची झडप' होतं, मी मुद्दाम 'वरची' वाचलं. एकदा तरी चुकू दे हिला! पेन्सिल थांबली. "परत वाच गं." मी बरोबर वाचलं. तिने वाकून माझ्या कागदावर नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं... आणि पुढे चल म्हणाली. दुपारी नेहमीसारखी सुक्या जवळ्याची चटणी माझ्या डब्यात वाढली. साहेबांना ती कधीच काही बोलली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता वाचते मीच आणि पेन्सिलही मीच फिरवते. परवा पवईच्या एका अर्जाची फाइल घेऊन केबिनमध्ये गेले. साहेब मान वर न करता म्हणाले, "शैला, तू पाहिलंयस ना? मग पाठव."

याच वाक्यासाठी मी सतरा वर्षं जळत होते. पण फाइल टेबलावर ठेवायला हात होईना. "नाही सर, एकदा परत वाचते," म्हटलं आणि जागेवर आले. तिची आखूड झालेली पेन्सिल समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, आकृतीवर ठेवली. कागदावर 'डावीकडची नळी' होतं. "उजवीकडची नळी," मी मोठ्याने वाचलं, आणि थांबले...

कुणीच काही म्हणालं नाही.