आत्यानं भाकरी सोडली

आत्यानं मला नावानं कवा हाक मारलीच न्हाई. "गाढवा" म्हनायची. अख्ख्या कुंडल गावात दुसऱ्या कुनाला ती वाकडं बोलली न्हाई, ह्यो मान माझ्या एकट्याचा. मी गावठी कोंबड्या पाळतो. शाळंची पायरी चढलो ती मास्तरला अंडी द्यायला. तवा हाक बरोबरच व्हती.

भावकीत कुनाचं लगीन असलं की भाकरी थापायला पहिली आत्या. पुढं तिची बोटं सुजाया लागली. मूठ वळंना, अंगठी मासात रुतून बसली. सून शालन थापायची, तवा आत्या भिंतीकडं तोंड करून बसायची. "मला माझ्या हातची भाकरी पायजे," म्हनायची.

शालननं मोबाईलवर बघितलं, की भाकरी, भात, साखर सोडून अंडी खाल्ली तर सूज उतरती. मी आत्याला गाडीवरनं पलूसच्या डॉक्टरकडं न्हेली. त्यो म्हनला, "खावा अंडी. सूज उतरंलच असं न्हाई. पर भाकरी सोडली तर आधी मला सांगा. शुगरची गोळी कमी करावी लागंल."

भाईर येऊन आत्या म्हनली, "गोळी दिली की गिळायची. त्यात सांगायचं काय?"

मी जोरात मान हलवली. मला दवाखान्याची पाटीबी वाचता येत न्हाई, पर मान हलवायला कुठं शाळा लागती!

तिनं भाकरी सोडली, तशी मीबी सोडली. पोट कमी झालं तर कुनीतरी पोरगी दील म्हनून. सकाळी अंडी खाल्ली आन् सांजच्याला शालनच्या टोपलीतली भाकरी चोरताना घावलो. आत्या म्हनली, "गाढवा, तुझी सूज डोक्यात हाय. ती अंड्यानं उतरायची न्हाई."

तिची मातर उतरली. अंड्यानं उतरली का साखर सुटली म्हनून, देव जानं. अंगठी बोटात फिराया लागली. आत्या परातीपुढं बसली, सगळ्यांना भाकरी थापून घातली, सवता तुकडा मोडला न्हाई. पर थापता थापता मधीच तिला घाम फुटायचा, हात कापायचा. "चुलीची झळ हाय," म्हनायची. चूल इझली तरी हात कापतच व्हता.

नवरात्रात घट बसले, घरात अंडी बंद झाली. साबुदाण्यानं पुन्हा बोटं सुजतील म्हनून तिनं त्योबी खाल्ला न्हाई. निस्ता कोरा चहा. आन् शुगरची गोळी मातर येळच्या येळी.

अष्टमीला सकाळधरनं आत्या घटापुढं घुमाया लागली. अंग थरथरतंय, घामानं लुगडं भिजलंय, नजर ठरंना. बाया म्हनल्या, "आई आली, आई आली!" कपाळभर कुंकू लावलं, पाया पडाया रांग लागली. दुपार कलली तवा माझा नंबर आला. मी आडवा पडून इचारलं, "आई, माझं लगीन कवा व्हनार?"

तिनं जड जिभंनं म्हटलं, "गाढवा..."

रांग खदाखदा हसली. मी मातर ताडकन उठून बसलो. देवीला माझं हे नाव कुठनं ठावं?

"शालन, ही आई न्हाई गं, आत्याच हाय!"

मी तिला पलूसच्या डॉक्टरचं गोळीचं बोलनं सांगितलं. तिनं निवदाची साखर उचलून आत्याच्या गालात चोळली. जीपगाडीनं सांगलीला न्हेली. तिथला डॉक्टर म्हनला, "रगतातली साखर लय येळ उतरून ऱ्हायली. जीव वाचला, पर मेंदूला मार बसला."

आता ती साताऱ्याला लेकीकडं असती. सूज अजाबात न्हाई. हात लोन्यागत मऊ. अंगठी गळती म्हनून दोरा गुंडाळलाय. लेक पुढ्यात परात ठेवती. आत्या हात मांडीवर ठिऊन पिठाकडं बघत बसती.

मी अंडी घिऊन जातो. परात वडून मीच भाकरी थापतो, मुद्दाम फाडतो, तोंडाला पीठ फासतो. लेक हसती. आत्या लय येळ माझ्याकडं बघती. मी कान टवकारून बसतो.

"आवं," ती म्हनती, "कोन तुमी? बसा की, पाहुणं."